मतदानाचा एक दिवस वाढवला, तर किती मतं वाढतात?

अमेरिकेत अध्यक्ष निवडायचा वार मंगळवार. कायदा १८४५चा, घोडागाडीच्या काळातला. मतदानाची भरपगारी सुट्टी तिथे आपल्यासारखी देशभर नाही. म्हणून बहुतेक राज्यं काही दिवस, काही आठवडे आधीच मतं घ्यायला लागतात.

दिवस वाढले की मतदान वाढणारच, असं आपण धरून चालतो. मोजायला गेलं की घोळ होतो. मुळात उत्साही मतदारांची राज्यंच जास्त दिवस देत असतील, तर श्रेय दिवसांचं की उत्साहाचं?

ओहायो राज्यात ही गाठ आपोआप सुटली. २०१२मध्ये तिथल्या सगळ्या काउंटींना (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांना) आगाऊ मतदानाचं एकच वेळापत्रक लागू झालं. काहींचे दिवस वाढले, काहींचे घटले. कॅप्लन आणि युआन या अर्थशास्त्रज्ञांनी नकाशावर दोन बाय दोन मैलांचे चौकोन पाडले आणि एकाच चौकोनात, पण वेगळ्या काउंटीत राहणारे मतदार ताडून पाहिले. वस्ती तीच, फरक फक्त दिवस किती वाढले-घटले याचा. दर जादा दिवसामागे मतदानाच्या टक्केवारीत ०.२२ची भर पडलेली दिसली. नोकरीच्या आणि लहान मुलं सांभाळायच्या वयातल्यांत ती जास्त होती. आकडा चिमूटभर वाटतो खरा. पण २०१६मध्ये ट्रम्प यांनी मिशिगन जिंकलं ते ०.२३ टक्क्यांनी. (वाढीव मतं सगळी एकाच पक्षाला जात नाहीत, हे खरंच.)

विस्कॉन्सिनच्या अभ्यासकांनी मात्र २०१४मध्ये उलटंच मांडलं होतं: नुसतं आगाऊ मतदान दिलं तर मतदान घटतं. त्यांच्या मते मतदानाच्या दिवसाची धामधूम पातळ होते, शेवटच्या दिवशी दारोदार फिरून लोकांना बाहेर काढण्यातला जोरही ओसरतो. पटण्यासारखं आहे, पण राज्याराज्यांची तुलना करण्यापेक्षा मला ओहायोचे चौकोन जास्त विश्वासाचे वाटतात.

खर्चाची बाजू उघड आहे: माणसं, जागा, मतपेट्यांवर रात्रंदिवस पहारा. न दिसणारी किंमत मोंटाना राज्यात दिसली. मे २०१७मध्ये पोटनिवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांनी एका पत्रकाराला जमिनीवर आपटलं. तोवर निम्म्याहून जास्त मतं टपालाने पोचली होती. मत बदलता येईल का, असं काहींनी विचारलं. नाही, असं उत्तर मिळालं. जियानफोर्टे निवडून आले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला.

स्वीडनमध्ये १८ दिवस आधी मत देता येतं. मन बदललंच, तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन नवं मत द्यायचं. जुना लिफाफा न उघडता बाद होतो.