कोरड्या पश्चिमेची भाषा : आफ्रिकान्सचा विस्तार

दक्षिण आफ्रिकेच्या जनगणनेवरून काढलेला भाषांचा नकाशा समोर ठेवला, तर देश उभा दोन भागांत विभागल्यासारखा दिसतो. पूर्वेकडे झुलू, झोसा, सोथो, त्स्वाना, त्सोंगा, वेंडा या भाषांचे रंग एकमेकांना खेटून बसलेले असतात. पश्चिमेकडे मात्र अटलांटिकच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतपर्यंत जवळपास एकच रंग पसरलेला असतो, आणि तो आफ्रिकान्सचा असतो. जहाजातून आलेल्या डच भाषेची ही लेक. त्यामुळे तिचे भाषक बंदरांच्या आणि मोठ्या शहरांच्या आसपास ठिपक्या-ठिपक्यांनी आढळावेत, अशी आपली साहजिक अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिचा मुख्य प्रदेश सलग, ग्रामीण आणि बऱ्याच अंशी निमवाळवंटी आहे. असे का झाले, याचा शोध घेऊ लागलो की आपण 1652 साली टेबल उपसागरात उतरलेल्या यान फान रिबेक या डच अधिकाऱ्याच्या तुकडीपाशी थांबू शकत नाही. त्याच्याही बरेच मागे, पावसापर्यंत जावे लागते.

दक्षिण आफ्रिकेत वर्षाला साधारण 400 मिलिमीटर पावसाची एक रेषा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जाते. तिच्या पूर्वेला पाऊस बरा पडतो आणि तो नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात पडतो. पश्चिमेला तो झपाट्याने कमी होत जातो, आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, म्हणजे केपटाउनच्या परिसरात, तो चक्क हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये येतो. मध्य आफ्रिकेकडून दक्षिणेकडे सरकत आलेले बांटू भाषक शेतकरी (झुलू, झोसा आदी भाषा याच बांटू कुळातल्या) ज्वारी आणि बाजरी पिकवत. ही दोन्ही पिके मुळात आफ्रिकेचीच आहेत, आणि त्या शेतकऱ्यांच्या वाणांना वाढीच्या दिवसांत, उबदार हवेत पाऊस हवा असे. त्यामुळे झोसा भाषकांची वस्ती नैर्ऋत्येकडे ग्रेट फिश नदीच्या आसपास येऊन थबकली. त्यापलीकडचा कोरडा किंवा हिवाळी पावसाचा मुलूख मेंढ्या आणि गुरे राखणाऱ्या खोइखोइ लोकांकडे आणि शिकार करून, कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या सान लोकांकडे राहिला. आज जिथे आफ्रिकान्स बोलली जाते, तो पट्टा बहुतांशी या दोन समाजांच्या भाषांचा जुना प्रदेश आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीला केपमध्ये वसाहत उभारायची नव्हती. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावे, एवढाच तिचा हेतू होता. (याच कंपनीची एक वखार त्या काळात आपल्या वेंगुर्ल्यातही होती.) परंतु ठाणे वाढले, कामाला माणसे कमी पडू लागली, आणि कंपनीने गुलाम आणायला सुरुवात केली. 1652 पासून 1808 पर्यंत सुमारे 63,000 गुलाम केपमध्ये आणले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ते पूर्व आफ्रिका, मादागास्कर, भारत आणि इंडोनेशियाची बेटे या चार दिशांनी आले. भारतातून आलेल्यांच्या नावांपुढे ‘बंगालची’, ‘मलबारचा’, ‘कोरोमंडलचा’ असे शेपूट कागदोपत्री लावले जाई. बंगालची आन्जेला ही त्यांतली एक. 1657 साली ती केपमध्ये आली, 1666 मध्ये तिला मुक्त करण्यात आले, पुढे तिने एका युरोपीय माणसाशी लग्न केले, आणि आज स्वतःला आफ्रिकानर म्हणवणाऱ्या अनेक गोऱ्या कुटुंबांच्या वंशवृक्षात तिचे नाव सापडते.

अशा ठिकाणी सगळ्यांना सामाईक भाषा एकच होती, ती म्हणजे मालकाची डच. आणि ती बहुतेकांना मोठेपणी, कानावर पडेल तशी शिकावी लागली. त्याचे परिणाम आजच्या व्याकरणात स्पष्ट दिसतात. मराठीत आपण मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, असे दर वेळी क्रियापद फिरवतो. डचमध्येही ‘इक बेन’, ‘येय बेंट’, ‘हेय इस’ अशी रूपे बदलतात. आफ्रिकान्समध्ये ‘ऍक इस’, ‘येय इस’, ‘हेय इस’, ‘ओन्स इस’ : मी, तू, तो, आम्ही, सगळ्यांना एकच ‘इस’ पुरते. नामांचे लिंगभेदही गळून गेले. उलट नकार मात्र दोनदा येतो : ‘ऍक प्राट नी आफ्रिकान्स नी’, म्हणजे ‘मी आफ्रिकान्स बोलत नाही’, यातला पहिला ‘नी’ क्रियापदापाशी आणि दुसरा वाक्याच्या शेवटी. आणखी एक लकब आपल्याला फारच ओळखीची वाटेल. ‘खाऊ’ म्हणजे लवकर आणि ‘खाऊ-खाऊ’ म्हणजे पटपट. ‘स्पील’ म्हणजे खेळणे आणि ‘स्पील-स्पील’ म्हणजे अगदी खेळता-खेळता, सहज. शब्द दोनदा उच्चारून अर्थाला छटा देण्याची ही रीत इंडोनेशियाच्या बेटांवरून आलेल्या मलय भाषक गुलामांकडून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘खूप’ या अर्थाचा रोजच्या वापरातला ‘बाया’ हा शब्द मलय ‘बान्याक’पासून, केळ्याचा ‘पिसांग’ थेट मलयमधून, तर किड्याला म्हणतात तो ‘खॉखा’ खोइखोइ भाषेतून आला आहे. चामड्याच्या जाड चाबकाला आफ्रिकान्समध्ये ‘शामबॉक’ म्हणतात. तो शब्द मलयमार्गे आला असला, तरी त्याचे मूळ फारसीत आहे, आणि त्याच मुळापासून आपला ‘चाबूक’ही आला आहे. गुलामांच्या पाठीवर ओढल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव अशा वाटेने या भाषेत शिरले.

केपमधल्या मुस्लिम समाजाचा येथे वेगळा उल्लेख करायलाच हवा. आपल्या घरातली आफ्रिकान्स तो एकोणिसाव्या शतकात अरबी लिपीत लिहू लागला. मदरशांतल्या मुलांना धर्म शिकवायचा तर त्यांना कळणाऱ्या भाषेत शिकवला पाहिजे, एवढी साधी त्यामागची गरज होती. ऑटोमन साम्राज्याने केपला पाठवलेले विद्वान अबू बक्र एफेंदी यांनी याच लिपीत लिहिलेला धर्मग्रंथ 1877 मध्ये इस्तंबूलला छापला गेला. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1875 मध्ये, पार्ल गावी गोऱ्या भाषकांनी आफ्रिकान्सच्या मान्यतेसाठी संस्था स्थापन केली होती. शाळेत बराच काळ या दुसऱ्याच घटनेला भाषेचा आरंभ म्हणून शिकवले गेले, आणि हा मला त्या भाषेवरचाच अन्याय वाटतो. केपटाउनच्या बो-काप वस्तीत आजही आभार मानताना ‘त्रामाकासी’ म्हणतात. तो मलय ‘तेरिमा कासिह’चा अवशेष आहे.

भाषा केपटाउनमध्ये घडली, पण तिला आतल्या मुलखात पोहोचवले गुराख्यांनी. अठराव्या शतकात जनावरांचे कळप घेऊन चाऱ्यामागे फिरणारे गोरे पशुपालक कोरड्या पठारावर पसरत गेले. 1713 च्या देवीच्या साथीने खोइखोइ समाजाची आधीच वाताहत झाली होती. उरलेल्यांच्या जमिनी आणि पाणवठे गेले, त्यांना गोऱ्यांच्या शेतांवर राबावे लागले, आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांच्या मुलांची भाषा बदलली. दुसरीकडे काही गट या भाषेसह, घोडे आणि बंदुका घेऊन ऑरेंज नदीच्या पलीकडे निघून गेले. ग्रिक्वा आणि ऊरलाम ही त्यांतली ठळक नावे. ऊरलामांचा नेता योंकर आफ्रिकानर 1840 च्या सुमारास आजच्या विंडहुकच्या, म्हणजे नामिबियाच्या राजधानीच्या जागी स्थिरावला. पुढे जर्मन सत्तेशी लढलेला, नामा या खोइखोइ समाजाचा नेता हेंड्रिक विटबोई आपली पत्रे केपमधल्या डचमध्ये लिहीत असे. ती आज युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट आहेत. वसाहतवादाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकी नेत्याची लेखनभाषा हीच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘गोऱ्यांची भाषा’ हे तिचे वर्णन किती अपुरे आहे, ते समजते.

आकडेही तेच सांगतात. 2011 च्या जनगणनेत सुमारे 68.5 लाख लोकांनी आफ्रिकान्स ही आपली पहिली भाषा असल्याचे नोंदवले. हे प्रमाण लोकसंख्येच्या 13.5 टक्के होते. त्यांतले सुमारे 34.4 लाख ‘कलर्ड’ या गटातले होते. खोइखोइ, गुलाम, युरोपीय आणि इतर आफ्रिकी पूर्वजांपासून झालेल्या समाजाला दक्षिण आफ्रिकेत हे नाव आहे, आणि त्यांच्यातल्या दर चारांपैकी तिघांची ही मातृभाषा आहे. गोरे भाषक सुमारे 27.1 लाख होते आणि कृष्णवर्णीय सुमारे 6 लाख. म्हणजे गोरे लोक या भाषेत अल्पसंख्य आहेत, साधारण 40 टक्के.

प्रांतांचे आकडे वाचताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. नॉर्दर्न केपमध्ये आफ्रिकान्स भाषकांचे प्रमाण 2011 मध्ये सुमारे 54 टक्के होते, म्हणजे देशात सर्वाधिक. हा प्रांत क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे, पण त्याची एकूण लोकसंख्याच जेमतेम साडेअकरा लाख होती. तेव्हा 54 टक्के म्हणजे सहा लाखांच्या आसपास माणसे. याउलट जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया ज्यात येतात त्या गौटेंग प्रांतात हे प्रमाण फक्त 12 टक्क्यांवर होते, तरी भाषकांची संख्या पंधरा लाखांच्या घरात होती. नकाशावर रंग जमिनीला दिलेला असतो, माणसांना नव्हे. म्हणून पश्चिमेचा तो प्रचंड पट्टा डोळ्यांत भरतो आणि गौटेंगमधले पंधरा लाख दिसतही नाहीत. वेस्टर्न केपमध्ये मात्र प्रमाण आणि संख्या दोन्ही मोठ्या होत्या : जवळपास निम्मी लोकसंख्या, सुमारे 28 लाख.

गौटेंगमधल्या भाषकांचा इतिहास वेगळा आहे. 1830 च्या दशकात ब्रिटिश सत्तेला कंटाळलेले बोअर, म्हणजे हीच भाषा बोलणारे गोरे शेतकरी, बैलगाड्या जुंपून केप वसाहतीच्या पूर्व सीमेवरून ईशान्येकडे निघाले आणि फ्री स्टेट व ट्रान्सवाल (आजचा गौटेंग याच भागात येतो) येथे त्यांनी आपली प्रजासत्ताके उभारली. त्यांच्या पूर्व सीमेकडच्या बोलीवर पुढे प्रमाण आफ्रिकान्स बेतली गेली, 1925 मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, 1933 मध्ये तिच्यात बायबल आले. केपटाउनची ‘काप्स’ आणि ऑरेंज नदीकाठची बोली या दोन्ही जुन्या बोली, भाषकांची संख्या मोठी असूनही, अशुद्ध ठरल्या. पूर्वेकडच्या शहरांत ही भाषा कृष्णवर्णीयांमध्ये घरची भाषा म्हणून का रुजली नाही, याला पावसाखेरीज एक राजकीय कारणही आहे. गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती झाली, तेव्हा 16 जून 1976 रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या भाषेतून हुकूम सुटतात, ती भाषा अनेकांना नकोशी झाली.

वर्णभेदाच्या कायद्यांनी भाषकांची जागाही बदलली. केपटाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती 1966 मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि पुढच्या काळात सुमारे 60,000 लोकांना तिथून हलवण्यात आले. बहुतेकांची रवानगी शहराबाहेरच्या वालुकामय, वाऱ्याने झोडपलेल्या केप फ्लॅट्सवर झाली. काप्स बोली आज तिथे सर्वाधिक ऐकू येते, आणि 2021 मध्ये तिच्या त्रैभाषिक शब्दकोशाचे काम औपचारिकपणे सुरू झाले.

2022 च्या जनगणनेत आफ्रिकान्सचा देशातला वाटा 10.6 टक्क्यांवर आला. झुलू आणि झोसा यांच्यानंतर ती तिसऱ्या क्रमांकावर आहे. वेस्टर्न केपमधले प्रमाण 41 टक्क्यांच्या आसपास घसरले. ईस्टर्न केपमधून कामासाठी येणाऱ्या झोसा भाषकांची संख्या वाढते आहे, आणि शहरांतली बरीच कलर्ड कुटुंबे मुलांशी इंग्रजी बोलू लागली आहेत. अर्थात या गणनेत सुमारे 31 टक्के लोक सुटले होते आणि आकडे दुरुस्त करून प्रसिद्ध करावे लागले, त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या फरकावर फार भिस्त ठेवू नये.

पावसाची रेषा नामिबियाच्या सीमेवरच्या ऑरेंज नदीपाशी थांबत नाही, आणि भाषाही थांबत नाही. नामिबियाच्या कोरड्या दक्षिणेत, हार्डाप आणि करास या प्रदेशांत, आफ्रिकान्स घराघरांत आहे. रेहोबोथ येथे 1870 मध्ये केपहून येऊन वसलेला बास्टर समाज तीच बोलतो. 1990 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने एकट्या इंग्रजीला राजभाषा केले, आणि 2011 च्या गणनेत फक्त 10.4 टक्के कुटुंबांनी आफ्रिकान्सला घरची भाषा म्हटले. तरीही विंडहुकच्या बाजारात वेगवेगळ्या मातृभाषांची माणसे एकमेकांशी ती सर्रास बोलतात. उत्तरेकडे जिथे पाऊस पुरेसा आहे आणि बाजरी पिकते, तिथे ओशिवाम्बो ही बांटू भाषा आहे, आणि आफ्रिकान्स जवळजवळ नाही.

या सलग प्रदेशाबाहेर गेलेल्या वस्त्या बहुधा टिकल्या नाहीत. 1881 च्या सुमारास अंगोलातल्या हुम्पाटा येथे वसलेले बोअर 1928 मध्ये मोठ्या संख्येने दक्षिणेकडे परतले. ब्रिटिशांविरुद्धच्या बोअर युद्धातल्या पराभवानंतर 1902 पासून काही शे कुटुंबे अर्जेंटिनातल्या पातागोनियात गेली. त्यांच्या वंशजांपैकी आता केवळ वृद्ध मंडळी ती भाषा बोलतात आणि नातवंडे स्पॅनिश बोलतात. 1994 नंतरचे स्थलांतर मोठे आणि शहरी आहे : ऑस्ट्रेलियात 2016 मध्ये चाळीस हजारांहून अधिक लोक घरी आफ्रिकान्स बोलत होते, न्यूझीलंडमध्ये 2018 साली छत्तीस हजारांच्या वर.

नॉर्दर्न केपमधल्या उपिंग्टन गावी काट्रिना एसाउ या वृद्ध स्त्रीने बरीच वर्षे आपल्या घराशेजारी मुलांना नू ही सान भाषा शिकवली. त्या भाषेच्या अगदी अखेरच्या अस्खलित भाषकांपैकी त्या एक आहेत, आणि या कामासाठी 2014 मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. शिकायला येणाऱ्या मुलांची घरची भाषा आफ्रिकान्स असे. एकेका जुन्या शब्दातला टाळूवर जीभ आपटून काढायचा आवाज काट्रिना एसाउ मुलांकडून पुन्हा पुन्हा घोटवून घेत, आणि त्या शब्दाचा अर्थ आफ्रिकान्समध्ये सांगत.