पत्रा कापतो लेझर, खिसा कापतो गॅस

लेझर कटिंग मशीनचे 2 मिलिमीटर भोकाचे नोझल, म्हणजे किरण आणि वायू बाहेर पडतात ते टोक, आणि 15 बार दाबाचा नायट्रोजन. एवढ्याशा भोकातून तासाला सुमारे 35 घनमीटर वायू बाहेर पडतो. आपल्याकडच्या नेहमीच्या 47 लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर वायू असतो. म्हणजे स्टेनलेस स्टील कापायला घेतले की एक सिलिंडर दहा-बारा मिनिटांत रिकामा. नोझल 3 मिमीचे लावले तर हाच खर्च सव्वादोनपट होतो, कारण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते.

लेझर कटिंग मशीन घ्यायला निघालेले बहुतेक कारखानदार मात्र किलोवॉटपासून सुरुवात करतात. भोसरी असो, वाळूज असो की शिरोली, पहिला प्रश्न ‘3चे घेऊ की 6चे?’ हाच. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: रोज कोणता आणि किती जाडीचा पत्रा कापायचा, आणि कापलेल्या कडेचे पुढे काय होणार.

पत्र्याच्या कामात आज फायबर लेझर चालतो. त्याआधीची काही दशके कार्बन डायऑक्साइड लेझरची होती. तो 1964मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या लेझरची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन. फायबर लेझरमध्ये यटर्बियम मिसळलेल्या काचतंतूतून सुमारे 1.07 मायक्रॉनचा प्रकाश निघतो. ही छोटी तरंगलांबी धातू अधिक शोषून घेतात आणि ती बारीक तंतूतून थेट कटिंग हेडपर्यंत नेता येते, त्यामुळे आरसे जुळवत बसावे लागत नाही. विजेच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाचा प्रकाश होतो, जुन्या मशीनमध्ये तो दहाव्या हिश्शाच्या आसपास असे. अ‍ॅक्रिलिक, लाकूड, कापड यांसाठी मात्र अजूनही कार्बन डायऑक्साइड लेझरच लागतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून फायबरचा किरण सरळ आरपार निघून जातो.

आता गॅस. किरण धातू वितळवतो, पण वितळलेला रस खाली ढकलून फट मोकळी करतो तो नोझलमधला वायू. माइल्ड स्टीलची (एमएस) जाड प्लेट ऑक्सिजनवर कापतात. इथे लोखंड चक्क जळते आणि कापायला लागणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग त्या जळण्यातूनच मिळतो. दाब अगदी कमी, जाड प्लेटला 1 बारच्या आतबाहेर. म्हणूनच खर्च कमी. पण जळण्याचा वेग रसायनशास्त्र ठरवते, त्यामुळे जाड प्लेटमध्ये किलोवॉट दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. नायट्रोजनमध्ये काहीच जळत नाही, सगळी उष्णता किरणानेच द्यायची, त्यामुळे तिथे प्रत्येक किलोवॉट कामी येतो. 6 किंवा 12 किलोवॉटचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः इथे, आणि नेमका इथेच गॅसचा खर्चही वाढतो.

ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर काळपट ऑक्साइडचा थर बसतो. त्यावर पावडर कोटिंग केले तर रंग ऑक्साइडला चिकटतो, पण ऑक्साइड स्टीलला घट्ट धरून नसतो. काही महिन्यांनी पॅनेलच्या कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दोष कोटिंगवाल्याला दिला जातो! अशा कामात कड घासून थर काढा, नाहीतर नायट्रोजनने कापा. तिसरा पर्याय दाबाखालची हवा. पातळ एमएस आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी ती उत्तम, कड किंचित पिवळसर येते एवढेच. पण 12 ते 16 बारचा स्क्रू कॉम्प्रेसर, ड्रायर आणि बारीक फिल्टर यांवर कंजुषी केली, तर हवेतले तेल आणि पाणी थेट हेडमधल्या संरक्षक काचेवर जाऊन बसते.

नायट्रोजन जास्त लागणार असेल तर सुट्या सिलिंडरांचा नाद सोडावा. 1 लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास 0.7 घनमीटर वायू होतो, त्यामुळे ड्युरा सिलिंडर (द्रव वायूची उष्णतारोधक टाकी) आणि योग्य क्षमतेचा व्हेपोरायझर, म्हणजे द्रवाचा वायू करणारे उपकरण, परवडतो. व्हेपोरायझर लहान पडला की त्यावर बर्फ चढतो, दाब ढासळतो आणि पत्र्याखाली बर, म्हणजे थिजलेल्या धातूची खरखरीत किनार, लटकू लागते. आणि दिवाळीच्या सुटीआधी ड्युरा भरून ठेवू नये. द्रव आपोआप उकळत राहतो आणि आठवडाभर सेफ्टी व्हॉल्व्हमधून पैसे उडून जातात.

पॉवरबद्दल आता बोलू. 3 किलोवॉटवर स्टेनलेस स्टील 6 मिमीपर्यंत नायट्रोजनने आणि एमएस 12 ते 16 मिमीपर्यंत ऑक्सिजनने रोजच्या उत्पादनात नीट निघते. ब्रोशरमधली कमाल जाडी म्हणजे सगळे जुळून आल्यावर निघणारा कट. रोजच्या हिशेबात तिच्या 70-80 टक्केच धरावी. 1-2 मिमी पत्र्यावर शेकडो बारीक भोकांचे काम असेल तर वेळ जातो तो हेड एका भोकाकडून दुसऱ्याकडे नेण्यात. तिथे किलोवॉटपेक्षा मशीनचे त्वरण आणि सांगाड्याचा ताठपणा महत्त्वाचा.

बिघाड बहुतेक वेळा लेझरच्या स्रोतात नसतो, नोझलच्या आसपास असतो. कटिंग एका बाजूला स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला बर येत असेल तर किरण नोझलच्या मध्यातून जात नाही. तपासणी सोपी आहे: नोझलच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची, कमी पॉवरचा एक पल्स सोडायचा आणि पट्टीवरचे भोक नोझलच्या ठशाच्या मध्यावर आहे का ते पाहायचे. दर वेळी नोझल बदलल्यावर हे करावे. कट आधी चांगला आणि तासाभराने बिघडत जात असेल तर संरक्षक काच काढून पाहा. तिच्यावरचा धुळीचा एखादा ठिपका किरण शोषून तापतो, काच किंचित फुगते, फोकस सरकतो आणि शेवटी काच तडकते. काच बदलताना पंखा बंद, हात स्वच्छ, उघडे तोंड लगेच टेपने झाकलेले. स्वस्तातली काच वाचवायला गेले की तिच्यामागची महागडी लेन्स जाते.

छोटे तुकडे हा वेगळा त्रास. कापलेला तुकडा स्लॅटवर, म्हणजे पत्र्याखालच्या आधारपट्ट्यांवर, तिरका उभा राहिला की धावते हेड त्याला धडकते. म्हणून अशा तुकड्यांना 0.2 ते 0.5 मिमीचे टॅब (न कापलेले सांधे) ठेवतात आणि नंतर हाताने मोडतात.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू येतो. शेडमध्ये 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 26 अंश, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कशावरही हवेतले पाणी जमणार. मशीन थंड ठेवणाऱ्या चिलरचे पाणी 22-23 अंशांवर लावलेले असेल तर स्रोताच्या आत आणि हेडमधल्या लेन्सवर पाणी जमते. ओल्या लेन्सवर काही किलोवॉटचा किरण पडला की काय होते ते सांगायला नको. स्रोत वातानुकूलित खोलीत किंवा केबिनेटमध्ये ठेवावा, सकाळी आधी एसी आणि अर्ध्या तासाने चिलर सुरू करावा, आणि मशीन बंद केल्यावर चिलर चालू राहू देऊ नये. पाण्याचे तापमान वाढवायचे तर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच. चिलरमध्ये बोअरचे पाणी कधीही नको, डिस्टिल्डच हवे.

1 मायक्रॉनचा प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याच्या बुबुळातून आत जाऊन थेट पडद्यावर एकवटतो. परावर्तित किरणही पुरेसा असतो. त्यामुळे उघड्या बेडचे स्वस्त मशीन घेऊ नये; बंद केबिन आणि त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेली खिडकी हवी. सध्या लोकप्रिय झालेल्या हातातल्या लेझर वेल्डरलाही हेच लागू. त्याच्यासमोर नेहमीचा वेल्डिंगचा काळा मास्क पुरेसा नाही. अ‍ॅल्युमिनियमची धूळ आणि स्टीलच्या ठिणग्या एकाच डस्ट कलेक्टरमध्ये गेल्या तर स्फोटाचा धोका असतो.

सौदा पक्का करण्याआधी ट्रायल स्वतःच्या प्लेटवर घ्यावी. डेमोची प्लेट चकचकीत असते, आपली गोदामातून आलेली, गंजाची. 12 मिमी प्लेटमध्ये 12 मिमीचे भोक पाडायला सांगा, वरचा आणि खालचा व्यास व्हर्नियरने मोजा, नंतर त्यात टॅप (आटे पाडायचे हत्यार) घालून पाहा. सलग दोन तास मशीन चालवायला लावा आणि शेवटचा तुकडा पहिल्याशेजारी ठेवा. सिलिंडरवरचे आकडे आधी आणि नंतर स्वतः टिपून घ्या.