विंडोज टाकताना एसएसडी दिसत नाहीये? डिलीट दाबायच्या आधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून घरच्या घरी ११ टाकायला घेऊन मधेच अडकलेले लॅपटॉप आमच्याकडे सारखे येतायत आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एसएसडी उडाली वाटतं." बहुतेक वेळा ती, म्हणजे लॅपटॉपमधली डेटा साठवायची डिस्क, ठणठणीत असते.

होतं काय, इंटेल ११ व्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, एसएसडीचा कारभार इंटेलच्या कंट्रोलरकडे देणारी सेटिंग कंपनीतूनच चालू असते, आणि मग सेटअपला एसएसडी दिसायला इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर (ती ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) द्यावा लागतो. तो नसला की लिस्ट रिकामी. नाहीतर एकच ड्राइव्ह दिसतो, १४ जीबीच्या आसपासचा. तो तुमचाच १६ जीबीचा पेनड्राइव्ह असतो हो! एका काकांनी तोच साफ केला आणि सेटअपच गायब.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून मिळतो. पण नुसती डाउनलोड झालेली ईएक्सई फाइल पेनड्राइव्हवर टाकून काही होत नाही, इथेच निम्मे लोक अडकतात. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक्स्ट्रॅक्ट करायची, आतून आयएनएफ फाइल असलेला अख्खा फोल्डर निघतो, तो पेनड्राइव्हवर कॉपी करायचा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' वरून तो दाखवायचा. एसएसडी लगेच दिसते. एवढं जमलं तर आमच्याकडे यायचीही गरज नाही, खरंच.

आता मुख्य मुद्दा. हे न करता लोक व्हिडिओ बघून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीएमडी बंद करतात. एसएसडी दिसते खरी, पण मग जुनं विंडोज चालू करायला गेलं की निळी स्क्रीन येते, "आता तेही गेलं" म्हणून माणूस घाबरतो, परत सेटअपमध्ये जातो आणि दिसेल ते पार्टिशन डिलीट करत सुटतो, त्यात डी ड्राइव्हपण जातो, म्हणजे लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, पोरांचे प्रोजेक्ट सगळं. अहो, व्हीएमडी परत चालू केलं असतं तर बहुतेक वेळा जुनं विंडोज जसंच्या तसं उघडलं असतं! एसएसडीवर डिलीट करून वर विंडोज टाकलं की मोकळी झालेली जागा ती आतल्या आत पुसून टाकते, जुन्या हार्डडिस्कसारखं मागून खणून काढता येत नाही. आम्ही काय, कोणीच गॅरंटी देणार नाही.

लोक विचारतात, शेजारचा तासाभरात विंडोज मारून देतो, तुम्ही लॅपटॉप दिवसभर का ठेवून घेता? कारण आम्ही आधी एसएसडी बाहेर काढून बॅकअप घेतो, तो तुम्हाला दाखवतो, मगच फॉरमॅट. बिटलॉकर, म्हणजे डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, म्हणून ईमेल आणि पासवर्ड आठवून या. यातच अर्धा दिवस जातो, इन्स्टॉल तर काय, चहा होईपर्यंत होतं.

आणि विंडोजची प्रो आवृत्ती टाकून द्या म्हणू नका. लॅपटॉपसोबत बऱ्याचदा होम सिंगल लँग्वेज आलेलं असतं, त्याची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते, तेच टाकलं की नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. क्रॅक आम्ही टाकत नाही.

अडकलात तर आहे त्या स्थितीत बंद करा आणि घेऊन या, बघायचे पैसे घेत नाही. बायोसमध्ये काय काय बदललंत ते मात्र खरं सांगा, आम्ही ओरडत नाही. आणि चार्जर आणा, बॅटरीवर आम्ही विंडोज टाकत नाही.