रीड-ओन्ली फाइलसिस्टिम (लिनक्स)

लिनक्स मशीन बूट होतं, लॉगिनही बऱ्याचदा होतं, पण साधी फाइल सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा एरर येतो, म्हणजे रूट पार्टिशन (डिस्कचा ज्या भागात लिनक्स असतं तो) वाचता येतंय पण त्यावर लिहिता काहीच येत नाहीये. डिस्क भरल्याचा एरर वेगळा असतो, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', आणि या दोन्हींत गल्लत करून लोक फाइली डिलीट करायला धावतात, जे इथे होणारच नसतं.

मुळात बूट होताना रूट आधी मुद्दामच रीड-ओन्ली माउंट होतं (वापरासाठी जोडलं जातं), ग्रबमधल्या (बूट मेनूतल्या) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीत 'आरओ' दिसतं ते त्याचसाठी, कारण पार्टिशनवर लिहिणं चालू असताना एफएससीके या फाइलसिस्टिम तपासणाऱ्या कमांडने दुरुस्ती करणं म्हणजे डेटाची वाट लावणं. तपासणी झाली की सिस्टिमडी (बूटची पुढची कामं चालवणारा प्रोग्रॅम) एफएसटॅब फाइल (कुठलं पार्टिशन कसं माउंट करायचं त्याची यादी) वाचून रूट रीड-राइट करतं. त्या फाइलीत यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) चुकला किंवा एखाद्या ऑप्शनचं स्पेलिंग चुकलं की ही पायरी फेल होते आणि रूट तसंच राहतं. डिस्क ठणठणीत असते, फक्त ती ओळ सुधारायची. पण ती सुधारायलाही आधी रूट रीड-राइट रिमाउंट (पुन्हा माउंट) करावं लागतं, तेव्हा माउंट कमांडला नुसता स्लॅश (रूटची खूण) न देता डिव्हाइसचं नावही द्यायचं, नाहीतर ती परत त्याच चुकलेल्या एफएसटॅबकडे बघते.

दुसरं कारण जास्त गंभीर. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमला आपल्याच नोंदींत गडबड दिसली किंवा जर्नल (बदलांची नोंदवही) लिहिता आलं नाही की कर्नल लिहिणं बंद करतो (डेबियन, उबुंटूच्या एफएसटॅबमधे 'एरर्स=रिमाउंट-आरओ' बहुतेक वेळा असतंच). हे तुमचा डेटा वाचवण्यासाठी असतं, त्यामुळे नेटवर पहिला सल्ला मिळतो तो जबरदस्तीने रिमाउंट करायचा, तो डोळे झाकून पाळू नका. आधी डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) वाचा, आणि लगेच वाचा, कारण डिस्कवर लिहिता येत नसल्याने हे लॉग रीबूटनंतर बहुतेक मिळत नाहीत. त्यात 'आय/ओ एरर' दिसला तर आधी बॅकअप, मग स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघायची, हार्डडिस्कवर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर दुरुस्तीच्या मागे न लागता डीडीरेस्क्यूने कॉपी काढून डिस्क बदलायची. केबल सैल असली तरी असेच एरर येतात, तीही काढून घट्ट बसवून बघावी.

डिस्क ठीक असेल आणि फक्त अचानक लाइट जाऊन गडबड झाली असेल तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करून, पार्टिशन माउंट न करता, ईटूएफएससीके (ईएक्सटी४ साठीचं एफएससीके) चालवायचं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमला मात्र एफएससीके काही करत नाही, तिथे एक्सएफएस रिपेअर वापरतात, आणि त्याचा मोठा 'एल' ऑप्शन लॉगच (म्हणजे तिचं जर्नल) पुसून टाकतो म्हणून तो अगदी शेवटी. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर 'चेक' सोबत 'रिपेअर' लगेच वापरायचं नाही, त्याने नुकसान वाढू शकतं.

ड्युअल बूटमधे फक्त विंडोजचं पार्टिशन रीड-ओन्ली येत असेल तर बहुतेक वेळा विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असतं, ते बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करायचं. रास्पबेरी पायवर एसडी कार्ड झिजलं किंवा पॉवर सप्लाय कमी पडला की हाच प्रकार होतो, आणि काही कार्डं आयुष्य संपत आलं की स्वतःच लिहिणं बंद करतात, अशा कार्डावर दुरुस्तीची कुठलीच कमांड चालत नाही, डेटा कॉपी करून नवीन कार्ड घालायचं.