नागपुरात बर्फ पडत नाही, तरी सगळ्यांची नजर बर्फावरच

डिसेंबर लागला की नागपुरातले हवामानवेडे लोक सकाळी उठून आधी गुलमर्ग-मनालीत बर्फ पडला का ते पाहतात आणि मग सोनेगावच्या हवामान केंद्राचा आकडा. नवख्या माणसाला हा येडेपणाच वाटेल, कारण समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवरच्या या शहरात बर्फ कशाला पडतो, पडल्याच तर गारा. पण आपली थंडी त्या वरच्या बर्फाच्या मागोमाग येते. भूमध्य समुद्राकडून वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणारी कमी दाबाची प्रणाली, निघतो, काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतो, तो पुढे सरकला की मागचे कोरडे थंड वारे मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात घुसतात, आभाळ मोकळं होतं आणि दोन-तीन दिवसांत पारा धाडकन खाली. तोवर इथं ढग असले तर रात्री उबदारच जातात, आणि तेवढ्यात "गेली बा थंडी" म्हणून स्वेटर धुऊन ठेवणारे हमखास फसतात.

बर्फ पाहून अंदाज बांधायची आयडिया मोबाईलसोबत नाही आली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं, हेन्री ब्लॅनफर्ड पहिले प्रमुख. १८७६-७८ चा दुष्काळ ताजा होता, सरकारला पावसाचा अंदाज पाहिजे होता, आणि ब्लॅनफर्डनी १८८४ मध्ये मांडलं की हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर जातो. त्याच आधारावर १८८६ मध्ये देशातला पहिला लांब पल्ल्याचा अधिकृत अंदाज निघाला. पुढे हे गणित वाटलं तेवढं सरळ नाही हेही कळलं, पण बर्फाकडे पाहून खालच्या मैदानाचं सांगायची सुरुवात तिथली.

विदर्भातली जुनी चिंता मात्र गारांची. इथं गावोगावी गारपगारी असायचे, आभाळ काळं झालं की मंत्र-तंत्र करून गारा शिवाराबाहेर वळवायच्या हे त्यांचं काम, आणि त्याबद्दल गाव त्यांना धान्य द्यायचं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. आज हसू येईल, पण एका गावाने फक्त गारांसाठी माणूस ठेवावा म्हणजे नुकसान किती होत असेल ते बघा. काटोल-नरखेडच्या संत्रावाल्याला विचारा, फेब्रुवारीत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या हंगामाची फळं झाडावर असतात आणि पुढच्या आंबिया बहाराचा फुलोराही त्याच सुमारास, म्हणजे दहा मिनिटांच्या गारांत दोन्ही बहार हातचे जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर जी गारपीट झाली ती अजून कोणी विसरलं नाही, आणि ११ फेब्रुवारी २०१८ ला पुन्हा विदर्भ-मराठवाड्यात तेच झालं. कारण दोन्ही वेळा ओळखीचं, उत्तरेकडून थंड हवा, बंगालच्या उपसागराकडून दमट हवा, आणि दोघींची गाठ आपल्या डोक्यावर.

आता आकड्यांचं वेड कुठून आलं. सोनेगावला विमानतळाजवळ प्रादेशिक हवामान केंद्र आहे, १९४८ पासून नागपूरला आकाशवाणी आहे, रेडिओवर किमान-कमाल ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरातल्या चौकटीशी ताडून बघायचं, काही घरांत तर ते डायरीत उतरवायची सवयच होती. नागपूरच्या थंडीचा रेकॉर्ड ७ जानेवारी १९३७ चा ३.९ अंश, तो ऐंशीवर वर्षं कोणी हलवू शकलं नाही. मग २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ आला आणि अख्खं शहर हवामानतज्ज्ञ झालं! त्यातही मजा अशी की नेहमी विदर्भात सगळ्यात थंड म्हणून गोंदियाच मिरवतं, त्या दिवशी नागपूरने त्यांना मागे टाकलं.

तेव्हापासून गच्चीवरचे थर्मामीटर वाढले असं माझं मत. पण गच्चीवर टांगला म्हणजे झालं नाही ना भाऊ. सिमेंटची भिंत दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहते, भिंतीला चिकटवलेला थर्मामीटर किमान तापमान दोनेक अंश जास्त दाखवू शकतो. खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झिलमिल्या असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. किमान तापमानाच्या नळीत अल्कोहोल असतं आणि आत एक बारीक कांडी, पारा उतरतो म्हणतो आपण पण तिथं पारा नसतोच. अल्कोहोल आकसताना ती कांडी मागे ओढली जाते आणि पुन्हा ऊब वाढली तरी तिथंच राहते, सकाळी साडेआठला रीडिंग घेतात ते त्या कांडीचं. इतवारी-महालच्या दाट वस्तीत आणि वाडी-हिंगण्याच्या मोकळ्या रानात एकाच पहाटे चांगलाच फरक पडतो, म्हणून घरच्या नोंदीला किंमत आहे, फक्त जागा आणि वेळ रोज तीच पाहिजे.

२०१४ पासून विंडी हे वारा-पावसाचे नकाशे दाखवणारं संकेतस्थळ आलं, २०२० मध्ये खात्याचं मौसम ॲप आलं, संगणकी अंदाजाचं युरोपियन मॉडेल काय म्हणून राहिलं आणि अमेरिकन काय म्हणून राहिलं यावर आता चहाच्या टपरीवर वाद होतात. दहा दिवस पुढची गारपीट तारखेसकट सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, गारांचा ढग रडारवर उठल्यावरच खरं कळतं आणि तेव्हा हातात तास-दोन तास असतात. मशीनवरही आंधळा विश्वास नको, ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, दुसऱ्याने ५४, आणि बाकीची दोन ४४ च्या आसपास. सेन्सर बिघडला होता हे खात्याने नंतर सांगितलं, पण शेजारचे आकडे ताडून बघायची सवय असलेल्याला ते आधीच खटकणार.

थंडीच्या लाटेचंही तसंच, बातमीत शब्द आला म्हणजे लाट आली असं नाही. मैदानी भागात किमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश कमी, किंवा मग सरळ ४ किंवा त्याखाली, तेव्हा खातं लाट म्हणतं. आणि रेकॉर्ड म्हणाल तर तो सोनेगावचाच धरतात, उद्या तुमच्या गच्चीवर ३.२ आला तरी कागदावर ३.५ च राहणार.