लाट बघताय? आधी तळ बघा

सर्फिंगसाठी किनारा निवडताना बहुतेकांची नजर लाटेच्या उंचीवर जाते. पण तेवढ्याच उंचीची लाट एका किनाऱ्यावर नवशिक्याला अलगद पुढे नेते आणि दुसऱ्यावर दाणकन आपटते. हा फरक पडतो पाण्याखालच्या जमिनीमुळे.

पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते. तळाचा उतार मंद असेल तर ती सावकाश फुटते आणि फेस माथ्यावरून घरंगळत खाली येतो. शिकणाऱ्याला हवी ती हीच लाट. हवाई बेटांवरच्या होनोलुलुचा वायकिकी किनारा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तळ एकदम उथळ झाला, तर माथा पुढे झेपावतो आणि पोकळ नळी तयार होते. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरच्या तेआहुपोची लाट अशी आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमधलं सर्फिंग तिथेच झालं, पण खाली धारदार प्रवाळ आहे. वाळूचा तळ असला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. लाट थेट काठाच्या वाळूवर कोसळत असेल तर मान आणि मणक्याला दुखापत होऊ शकते. असा किनारा सरळ सोडून द्यावा.

लाटांच्या अंदाजात उंचीशेजारी सेकंदांचा एक आकडा असतो. दोन लाटांमधलं हे वेळेचं अंतर नवखे वाचतच नाहीत. खोल समुद्रात ७ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ७६ मीटर असते, तर १४ सेकंदांची ३०० मीटरच्या पुढे जाते. उंची सारखीच असली तरी ही दुसरी लाट किनाऱ्याजवळ जास्त उसळते. शिवाय मोठ्या लाटा गटाने येतात, मधली काही मिनिटं समुद्र साळसूद दिसतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी निदान वीस मिनिटं नुसतं बघत उभं राहावं.

काय बघायचं? लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी खोलगट वाटेने परत समुद्रात जातं. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते! या रिप करंटचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरवर जातो. त्याविरुद्ध पोहून कोणी जिंकत नाही. त्यात सापडलात तर बोर्ड सोडू नका, मदतीसाठी हात वर करा आणि जमलं तर बाजूला, लाटा फुटत असतील तिकडे सरका. मुरलेले सर्फर मात्र याच ओढीवर बसून फुकटात समुद्रात आत जातात.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. मंद मतलई वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो, खारा वारा तो विस्कटतो. पण मतलई वारा जोराचा असेल तर दमलेल्या माणसाला तो खोल पाण्याकडे लोटतो.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच, विशेषतः उधाणाच्या दिवसांत. सकाळी डोक्यावर पाणी होतं तिथे दुपारी खडक उघडे पडलेले असू शकतात. आणि वाळूचे दांडे एका वादळात जागा बदलतात, तेव्हा मागच्या मोसमात पाठ केलेला किनाराही पुन्हा नव्याने बघावा लागतो.