स्वस्त शिकारी रायफल: पैसे कुठे वाचवले जातात त्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की दुकानांत 400-500 डॉलरच्या बोल्ट-ॲक्शन रायफली (हाताने बोल्ट नावाचा दांडा मागेपुढे करून काडतूस भरायच्या) ओळीने लागतात. शेजारीच तेच काडतूस झाडणाऱ्या, दुप्पट-तिप्पट किमतीच्या रायफली असतात. भारतात 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची 1991ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकारीला वावच राहिला नाही. पण तिकडे स्थायिक झालेल्या आणि रीतसर परवाना काढून रानात जाणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच खरेदीत प्रश्न पडतो: स्वस्तातली घ्यावी की थांबावं? त्यासाठी कारखान्याने खर्च नेमका कुठे वाचवला ते पाहावं लागतं, आणि ती जागा गेल्या शतकात बऱ्याचदा बदलली आहे.

पहिली स्वस्त शिकारी रायफल म्हणजे सैन्याने काढून टाकलेली रायफल. दोन्ही महायुद्धांनंतर माउझर 98, स्प्रिंगफील्ड 1903, एनफील्ड, कारकानो अशा रायफली टपालाने घरपोच मिळत. 1963मध्ये अध्यक्ष केनेडींच्या हत्येत वापरलेली कारकानोही जाहिरात पाहून टपालानेच मागवलेली होती, दुर्बिणीसकट 19.95 डॉलरला. पुढे 1968च्या गन कंट्रोल ॲक्टने टपालविक्री बंद केली आणि जुन्या लष्करी बंदुकांची आयातही रोखली.

या रायफलींचं पोलाद आणि यंत्रकाम चांगलं असे, पण शिकारीजोगं करायला खर्च येई. दुर्बिणीखालून जावी म्हणून बोल्टची मूठ वाकवायची, रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याला, भोकं पाडून आटे काढायचे, सेफ्टी आणि ट्रिगर बदलायचे, दस्ता कापायचा. ही मजुरी जमेला धरली की आज असं काम नव्या रायफलीपेक्षा महाग पडतं. दुसरी अडचण सुरक्षिततेची. अनेक नगांमध्ये बोल्ट एका रायफलीचा आणि रिसीव्हर दुसऱ्या रायफलीचा असतो. त्यामुळे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये (बॅरल म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या जागेत) जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, गेजने (मापाच्या तुकड्याने) मोजल्याशिवाय गोळी झाडू नये. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 1903 रायफलींमध्ये 8,00,000च्या आतले आणि रॉक आयलंडच्या 2,85,507च्या आतले क्रमांक टाळावेत. त्या काळी भट्टीतल्या पोलादाची उष्णता कारागीर नुसत्या डोळ्याने, रंगावरून ठरवत. ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात तोच रंग वेगळा भासे, काही रिसीव्हर जास्त तापत आणि ठिसूळ होत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास काही फुटले, तेव्हा कारण सापडलं आणि पद्धत बदलली. अशी रायफल आज स्वस्तात मिळाली तरी ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे.

नव्या रायफलीत खर्च कमी करायची पहिली मोठी वाट रेमिंग्टनने 1948मध्ये मॉडेल 721 आणि 722मध्ये दाखवली. माउझर पद्धतीचा रिसीव्हर घडाई केलेल्या ठोकळ्यातून कोरून काढावा लागे. रेमिंग्टनने तो गोल सळईतून लेथवर काढला. धक्का पेलणारा रिकॉइल लग वेगळ्या जाड चकतीसारखा करून बॅरल आणि रिसीव्हर यांच्या मध्ये आवळला. 1962चं मॉडेल 700 याच मुशीतलं, आणि गोल रिसीव्हर सरळ बसवणं सोपं असल्याने अचूकतेतही ते कमी पडलं नाही. इथे बचत झाली ती कारागिराच्या तासांची, आणि गिऱ्हाइकाचं काहीच गेलं नाही.

विंचेस्टरने 1964मध्ये मॉडेल 70 स्वस्त केलं तेव्हा उलट घडलं. काडतूस बाहेर ओढणारा, माउझरसारखा लांब पंजाचा एक्स्ट्रॅक्टर गेला, दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी जाऊन तिथे दाबून उमटवलेली नक्षी आली, बॅरल आणि लाकूड यांच्यात नजरेत खुपेल एवढी फट राहिली. जुन्या पद्धतीत मॅगझिनमधून सुटतानाच काडतुसाची कडा पंजाखाली सरकते. नव्या पद्धतीत बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलतो आणि एक्स्ट्रॅक्टर कडा पकडतो तो बोल्ट पुरता मिटल्यावरच. घाईत बोल्ट अर्ध्यावरून मागे ओढला तर काडतूस चेंबरमध्येच राहतं आणि मागून दुसरं येऊन अडकतं. पण ही चूक वापरणाऱ्याची असते. हरणाच्या शिकारीला ढकलणारा बोल्ट पुरेसा आहे हे तेव्हाही खरं होतं आणि आजच्या बहुतेक सगळ्या स्वस्त रायफली तशाच आहेत. लोक चिडले ते आधी बाह्यरूपावर, पण 1964च्या आधीचं मॉडेल 70 तेव्हापासून वेगळ्या भावाने विकलं जातं ते कायमचंच. कंपनीला 1990च्या दशकात पंजाचा एक्स्ट्रॅक्टर परत आणावा लागला.

आजच्या स्वस्त रायफलीची खरी आई मात्र सॅव्हेज 110, 1958ची. निकोलस ब्रूअर यांची ही रचना. नेहमीच्या पद्धतीत बॅरलला खांदा असतो, तो रिसीव्हरला घट्ट भिडवतात आणि मग प्रत्येक नगासाठी चेंबर हाताने थोडं थोडं कोरत हेडस्पेस जुळवतात. त्याला मुरलेला कारागीर लागतो. सॅव्हेजने खांदाच काढून टाकला. चेंबरमध्ये गेज ठेवायचा, बोल्ट मिटायचा, बॅरल गेजला टेकेपर्यंत आट्यांत फिरवायची आणि बाहेरून एक मोठा नट आवळायचा. काही मिनिटांत, अचूक हेडस्पेस. बोल्टचं डोकंही वेगळं, पिनेवर किंचित हलतं ठेवलेलं, म्हणजे बोल्टला मिटल्यावर धरून ठेवणारे दोन्ही लग (दाते) सारखे टेकतात. रिसीव्हरसमोरची ती नटाची चकती कुणाला कुरूप वाटते, पण स्वस्त आणि अचूक या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे तिनेच सिद्ध केलं. 1988मध्ये दिवाळखोरीत गेलेली सॅव्हेज पुन्हा उभी राहिली तीही याच 110च्या बळावर. 2002मध्ये तिने ॲक्युट्रिगर आणला. त्याआधी खटल्यांच्या भीतीने कारखाने ट्रिगर मुद्दाम जड ठेवत. ॲक्युट्रिगरमधली मधली पात दाबल्याशिवाय सिअर (आघाताची पिन रोखून धरणारी खिटी) सुटत नाही, त्यामुळे खेच हलकी ठेवूनही धोका वाढत नाही. बाकीच्यांनाही मग ट्रिगर सुधारावा लागला.

चुकीच्या जागी कात्री लावली की काय होतं ते रेमिंग्टनच्या मॉडेल 710मध्ये दिसलं. 2001च्या या रायफलीत बॅरल रिसीव्हरमध्ये दाबून बसवलेली होती आणि बोल्ट नायलॉनच्या अस्तरातून सरकत असे. मिटलेला बोल्ट थेट बॅरलमध्येच कुलूपबंद होत असल्याने ताकद पुरेशी होती, पण बोल्टची चाल रखरखीत राहिली. बॅरल झिजली तर बदलून घेणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे वाचवलेले पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जात. जुनी 710 किंवा तिच्यानंतरची 770 फार स्वस्तात दिसली तरी त्यापेक्षा जुनी सॅव्हेज शोधावी.

सॅव्हेज एज 2010मध्ये आली, लवकरच तिचं नाव ॲक्सिस झालं. 2012च्या सुमारास रूगर अमेरिकन बाजारात आली, छापील किंमत 449 डॉलर. या पिढीत बॅरलवर खर्च वाचवलेलाच नाही. रूगर बॅरल थंड घडाईने करते: आतल्या साच्याभोवती यंत्राचे हातोडे पोलाद ठोकत जातात आणि गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा आतून उमटतात. सॅव्हेजमध्ये कठीण धातूचं बटण नळीतून ओढून खाचा पाडतात. एकदा यंत्र लागलं की दोन्ही पद्धतींत हजारो बॅरल एकसारख्या निघतात. 2 एमओएची (एमओए हे अचूकतेचं माप, एका अंशाचा साठावा भाग) रायफल 200 मीटरवर साधारण 11.6 सेंटिमीटरचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पसारा, देते, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मर्मभाग सुमारे 20 सेंटिमीटरचा असतो. आजच्या स्वस्त रायफली बहुधा याहून बऱ्या चालतात.

बचत आता दस्त्यात, मॅगझिनमध्ये, बोल्टच्या सफाईत आणि जोडीला दिलेल्या दुर्बिणीत होते. तपासायचं तेच. आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने पाहा. मग बॅरल आणि दस्ता यांच्यात एक नोट सरकवा. ती रिसीव्हरजवळपर्यंत विनासायास गेली पाहिजे. नंतर दस्त्याचा पुढचा भाग बोटांनी बॅरलकडे दाबा. पातळ प्लास्टिकचा असेल तर तो वाकून बॅरलला टेकेल, आणि वाळूच्या पिशवीवर किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) टेकवलेल्या रायफलीची गोळी त्यामुळे बाजूला जाईल. रूगर अमेरिकनच्या दस्त्यात पोलादाचे व्ही आकाराचे दोन ठोकळे साच्यातच बसवलेले असतात, रिसीव्हर त्यांच्यावर टेकतो. या किमतीत ही फार मोलाची गोष्ट आहे. साध्या पहिल्या ॲक्सिसचा ट्रिगर जड होता. त्याची स्प्रिंग कापायच्या भानगडीत पडू नका, 2014पासूनची ॲक्युट्रिगरवाली ॲक्सिस 2 घ्या. मॅगझिन दहा-बारा वेळा काढून लावा आणि भरलेलं नीट अडकतं का ते पाहा, कारण प्लास्टिकची खिटी हा या रायफलींचा नेहमीचा कच्चा दुवा आहे.

ग्रुप भरकटला तर पहिला संशय बॅरलवर घेऊ नये. दुर्बिणीच्या पट्टीचे आणि कड्यांचे स्क्रू कारखान्यातून बऱ्याचदा सैल येतात. ते सहसा 15 ते 20 इंच-पाउंडाला आवळतात, नक्की आकडा पुस्तिकेत असतो. मग दस्त्याचे स्क्रू पाहावेत. त्यानंतर खात्रीची दुसरी दुर्बीण चढवून बघावी. पॅकेजमधली दुर्बीण धक्क्याने आतून हलते, असं वारंवार आढळतं. बॅरल बारीक असते, म्हणून तीन गोळ्या झाडून ती हाताला गार लागेपर्यंत थांबावं, नाहीतर चौथी-पाचवी गोळी उगाचच दूर पडलेली दिसते. शेवटी वेगळ्या वजनाच्या गोळ्यांची दोन-तीन प्रकारची काडतुसं झाडून पाहावीत. एका कंपनीच्या काडतुसाने तीन इंच पसरणारी रायफल दुसऱ्याने दीड इंचावर येते, आणि रायफल परत करायची की ठेवायची ते त्यानंतरच ठरवावं.